गव्हाणी घुबड

विनायक टिपणीस आंघोळीला गेले आणि टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून बाहेर आले.

"रमा, गिझरवर कोणीतरी बसलंय."

कामोठ्यात चौथ्या मजल्यावरच्या गिझरवर कोण येऊन बसणार, म्हणून रमाबाई डोकावल्या. बदामाच्या आकाराचा पांढराशुभ्र चेहरा त्यांच्याकडे शांतपणे बघत होता. घुबड! एक पंख लोंबत होता आणि त्यात पतंगाचा मांजा रुतला होता.

रमाबाईंनी लगबगीने दूधभात कालवला. विनायकरावांनी पक्ष्यांचं पुस्तक चाळून जात शोधली आणि जखमी प्राणी-पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेला फोन लावला.

"घुबड जखमी आहे. गव्हाणी."

"गव्हाण ना? निघालोच!" पलीकडून प्रणित नावाचा कार्यकर्ता म्हणाला. "तोवर अंधाऱ्या खोक्यात ठेवा, भोकं पाडा. खायला-प्यायला काही देऊ नका."

दूधभात विनायकरावांनीच खाल्ला.

"मिक्सरचं खोकं नको हं, त्यावर वॉरंटी आहे," असं रमाबाई म्हणेपर्यंत त्याला भोकं पडली होती. टॉवेल टाकून घुबडाला अलगद आत ठेवलं आणि विनायकराव बाजूलाच फरशीवर बसले. एका भोकातून काळाभोर डोळा त्यांना न्याहाळत होता. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे इतक्या निवांतपणे कोणी पाहिलं नव्हतं. खालच्या क्लासमधले पाढे, लिफ्टची खडखड, सगळं हळूहळू लांब गेलं. आपणही कुठल्याशा झाडाच्या ढोलीत बसलोय, असं त्यांना वाटू लागलं.

तासाभराने फोन वाजला.

"काका, अख्खं गव्हाण गाव पालथं घातलं. इथे टिपणीस कोणालाच माहीत नाहीत!"

"कसे असतील? मी कामोठ्याला आहे."

"मग गव्हाण का म्हणालात?"

"गव्हाणी म्हणालो! ती त्याची जात आहे!"

तेवढ्यात प्रणितच्या हातातला फोन एका बाईने घेतला.

"ओ दादा, मी कमळाबाई, गव्हाणची. उंदरांनी आमचं भात कुरतडून खाल्लंय. तुमचं घुबड बरं झालं का इकडंच आणून सोडा."

"उंदरांना औषध घालायचं नाही मग. विषारी उंदीर खाल्ला तर ते मरेल," मागून प्रणितचा आवाज आला.

"नाय घालत. पन लवकर आना!"

संस्थेच्या केंद्रात दोन महिने पंखावर उपचार झाले. विनायकराव दर रविवारी केंद्राच्या कुंपणाबाहेर उभे राहून येत. घुबड मोठ्या पिंजऱ्यात नीट उडू लागलं, शिकार करू लागलं, तेव्हा प्रणितने कमळाबाईंचं शेत पाहून होकार दिला.

संध्याकाळी धूसर उजेडात पिवळं पडलेलं भात हलत होतं. खोक्याचं तोंड शेताकडे करून प्रणितने झाकण काढलं आणि टिपणीस नवरा-बायकोला मागे उभं केलं. "आवाज नको. त्याच्या कलाने जाऊ दे."

विनायकरावांनी डोळे मिटले. निरोपाचं मोठं भाषण त्यांनी मनातल्या मनात केलं. रमाबाईंनी हात जोडले. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

"बुजलंय," प्रणित कुजबुजला.

समोर बांधावर बसलेल्या कमळाबाईंना राहवेना. "कोनाची वाट बघताय तुमी?"

"घुबडाची."

"ते कदीच गेलं! झाकन काढल्याबरोबर. माझ्या कानाजवळनं."

"पण आवाज कसा नाही आला?" विनायकरावांनी विचारलं.

"त्याच्या पंखाला कुठं आवाज असतो?"

प्रणितने वाकून रिकाम्या खोक्यात पाहिलं आणि मान हलवली. रमाबाई पिशवी उचलू लागल्या.

"थांबूया ना अजून जरा," विनायकराव हळूच म्हणाले.

कमळाबाईंनी सरकून बांधावर जागा केली.