विनायक भाऊजींची पंगत

आमचे धाकटे दीर विनायक भाऊजी. बोलताना कोणी त्यांना मध्ये तोडलं, की ते पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू करत. जिन्यात हाक मारली तर खाली उतरून पहिल्या पायरीपासून चढत. "मधून सुरू केलं की चूक राह्यते, वहिनी." बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चहासुद्धा येरझारा घालत पीत, आणि मग कप मी गोठ्यापर्यंत शोधत फिरे.

रोहणा गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा अमेरिकेत जाऊन कॉम्प्युटर शिकला. देशात ही यंत्रं नवीन होती तेव्हा मुंबईत येऊन त्यानं ती चालवली, इतरांना शिकवली. सासूबाई कौतुकानं सांगत, "मोठ्या मशीनवर हाय." गावाला वाटे, मुंबईतही हिंगणघाटसारखी कापसाची जिनिंग असेल.

घरातल्या एकाही लग्नाला ते आले नव्हते. सत्तरचं दशक संपता संपता माझ्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मात्र आठ दिवस आधी हजर. आल्या आल्या माझ्या मागे लागले. "मले एक काम द्या. घरच्यासारखं. पाव्हण्यासारखं बसवून ठेवू नका."

माझ्या यादीत प्रत्येक कामापुढे नाव पडलं होतं. पंगतीपुढचं खोडून त्यांचं लिहिलं.

त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर खडूनं चौकोन आणि बाण काढले. वाढप्यांना रांगेत उभं करून दोन दिवस तालीम घेतली. नियम सोपा होता: पाहुण्याला विचारायचं, 'घ्याल?' हो म्हणाला तर वाढायचं, नको म्हणाला तर पुढे जायचं. स्वतःचं डोकं कोणी चालवायचं नाही.

लग्नाच्या दिवशी कोणी चालवलंही नाही. पानं मांडली, बुंदी निघाली. व्याह्यांनी रीतीप्रमाणे पानावर हात आडवा धरला, "नको, नको." वाढपी पुढे. त्यांच्या शेजारी बसलेले नवरदेवाचे काका नको म्हणाले. वाढपी पुढे. टोपली भरलेलीच पंगतीच्या टोकाला पोचली, आणि वरपक्षाकडची पानं कोरडी. काकांनी आवाज चढवला, "बुंदी दाखवाले आणली का?"

मी पदर खोचला, टोपली घेतली, हात बाजूला सारून सारून वाढलं. व्याही उठले नाहीत, एवढं नशीब. इकडे आमचे हे भावाला सगळ्यांदेखत म्हणाले, "तू आता पाव्हण्यासारखा बस एका जागी." भाऊजी खरंच बसले.

दुसऱ्या दिवशी पोरगी सासरी गेली, मांडव उतरला. भाऊजींनीही पिशवी भरली. जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणत मी पान वाढलं आणि विचारलंच, "भाऊजी, आपल्याकडे पहिलं नको खरं नसते, हे तुम्ही विसरलेच कसे?"

"विसरलो नाई." ते पानाकडे बघत होते. "तिकडे अमेरिकेत माझ्यासोबत काम करणारी एक जण होती. तिनं एक दिवस विचारलं, लग्न करू या का. मी लाजलो. नको म्हटलं. वाटलं, ती आणखी एकदा विचारन."

"मग?"

"तिकडे दुसऱ्यांदा नाई विचारत, वहिनी. तेव्हापासून मीच पक्कं केलं, नको म्हणजे नको."

मी बुंदी घेऊन वाकले. त्यांनी पानावर हात आडवा धरला, म्हणाले, "नको."

हात बाजूला होईपर्यंत मी तशीच वाकून उभी राहिले.