आतून आवाज आल्याशिवाय

आमचे देऊळघाटचे शेजारी दादाराव, निवृत्त पोस्टमन, आतून आवाज आल्याशिवाय कोणाच्याही घरात पाऊल टाकत नाहीत. एकदा माझं दार सताड उघडं होतं, गॅसवर दूध होतं आणि मी आंघोळीला गेलो होतो. दादारावांनी दारापुढच्या ओट्यावरूनच हाक मारली, "मास्तर, येऊ का घरात?" डोक्याला साबण लावलेल्या माणसाला काय ऐकू येणार? मग त्यांनी तिथूनच दुधाची खबर द्यायला सुरुवात केली.

"मास्तर, दूध वर येऊन राह्यलं." थोड्या वेळानं, "मास्तर, उतू गेलं." आणि शेवटी, "मास्तर, आता जयल्याचा वास येऊन राह्यला."

मी ओलाच धावत आलो. म्हटलं, अहो, आत येऊन गॅस बंद करायचा ना. तर म्हणाले, "तुमचा आवाज कुठी आला? दार उघडं म्हंजे घर उघडं नाई, मास्तर." सगळी नोकरी त्यांनी या एका नियमावर काढली. मला त्यांचा भयंकर राग यायचा, अजूनही येतो.

यंदा उन्हाळ्यात दादारावांच्या पत्नी, आमच्या वहिनी, गेल्या. मूलबाळ नव्हतंच. दादाराव तेव्हापासून दिवसभर ओट्यावरच बसून असायचे. जरा हवापालट होईल म्हणून दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी त्यांना डोंगरावरच्या किल्ल्यात नेलं. तिथल्या राजवाड्याचं आता संग्रहालय झालंय. निघताना पाहतो तर पिशवीत दोन सीताफळं. "राजाच्या घरी रिकाम्या हातानं काऊन जावं?"

तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

किल्ला चढलो, तिकिटं काढली. राजवाड्याच्या उंबऱ्याशी दादाराव थांबले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "येऊ का घरात?"

आत तलवारी होत्या. त्या काय बोलणार? आमच्या मागं नागपूरचं एक कुटुंब, त्यांच्या मागं शाळेची सहल. रांग खोळंबली. रखवालदार पुढं आला.

"काका, इथं कोनी राहत नाई. राजे जाऊन लय वर्सं झाली."

"मंग तुमी आत कसे गेले?"

"माही ड्यूटी हाये."

"पन तुमाले 'या' कोन म्हनलं?"

रखवालदार विचारात पडला. इतक्या वर्षांत त्याला हे कोणी विचारलं नसावं. मागून आरडाओरडा वाढला, तसा तो मुकाट्यानं आत गेला आणि पडल्या आवाजात म्हणाला, "या."

दादारावांनी चपला काढल्या. "पाय कुठी धुवू?"

दालनं सात. प्रत्येक उंबऱ्यावर हाच प्रकार. तिसऱ्या दालनापासून रखवालदार आपण होऊन पुढं जाऊ लागला. पाचव्यापाशी सहलीतली पोरं रांगेत उभी राहून एका सुरात "येऊ का घरात?" म्हणत होती आणि त्याचा घसा बसला होता. राजाच्या शयनगृहाशी मात्र दादाराव पाठ फिरवून उभे राहिले. "झोपाच्या खोलीत पोस्टमनचं काय काम?" नागपूरच्या गृहस्थांनाही मग संकोच वाटला, त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

भोजनगृहात सीताफळं टेबलावर ठेवायचं त्यांनी कधी साधलं, मला कळलंच नाही. आम्ही परत फिरलो तेव्हा एकजण त्या सीताफळांचे फोटो काढत होता आणि बायकोला सांगत होता, की ही संगमरवराची आहेत.

"येतो मंग," निघताना दादाराव म्हणाले.

"या परत," रखवालदार बसक्या आवाजात म्हणाला. त्यालाही आता सवय झाली होती.

एसटीत दादाराव खुशीत होते. "मानसं चांगली हायेत. हरेक खोलीत आवाज देला." मी तोंड फिरवून बसलो. मला लोकांत इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दिवस मावळताना घरी पोचलो. त्यांची रिकामी पिशवी माझ्याच हातात राहिली होती, ती द्यायला मी मागं गेलो. दादारावांनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि बाहेरच उभे राहिले.

"येऊ का घरात?" हळूच म्हणाले.

वहिनी आतून "या" म्हणायच्या, ते आमच्या भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं. ते मी पार विसरलो होतो. हा माणूस दिवसभर ओट्यावर का बसतो, ते मला आत्ता कळलं. मी त्यांच्या मागं होतो, तिथूनच कसंबसं म्हटलं, "या."

त्यांनी वळून पाहिलं नाही. "मास्तर, मांगून नाई. आतून म्हना लागते."

मी त्यांच्या बाजूनं आत शिरलो. त्यांना न विचारता, आणि त्यांनी सरकून वाट दिली. अंधारात चाचपडत स्वयंपाकघरात गेलो, वहिनींच्या चुलीपाशी उभा राहिलो आणि म्हटलं, "या."

दादारावांनी चपला काढल्या आणि आत आले.