पिंगला ओ देणारं घर

"मला गुंगारा देणं कुणाच्या बापाला जमायचं नाही!" असं तिने नवऱ्याला सकाळी सकाळी ठणकावलं, आणि डबा उचलून ऑफिसला निघाली.

बाळंतपणाची, वाढवून वाढवून ताणलेली रजा संपली होती. घरी बाळाला, म्हणजे गब्दुलला, सांभाळायला आली होती नणंद. ताई प्रेमळ, ताई हौशी, ताई गोड गळ्याची, आणि नेमकं तेच तिच्या पोटात दुखत होतं! गब्दुल सोफ्याला धरून उभा राहायला लागला होता. आता कुठल्याही घडीला पहिलं पाऊल टाकेल. रात्री जागवायच्या आईने आणि उद्घाटन आत्याच्या हस्ते?

म्हणून तिने बाहेरच्या खोलीत कॅमेरा बसवून घेतला. स्वस्तातला, फोनवर दाखवायचा सगळं, साठवायचा काही नाही. पण ऑफिसात हातात फोन दिसला की साहेबांच्या कपाळाला आठ्या! तेव्हा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या पोरसवदा इंजिनिअरने तोडगा काढला.

"मॅडम, ही काळी खिडकी उघडा. पिंग लिहा, पुढे तुमच्या घरच्या नेटचा पत्ता. कॉम्प्युटर घराला हाक मारत राहील. घराने ओ दिली की नेट चालू. नेट चालू, तर कॅमेरा चालू!"

तिने फोन पालथा ठेवला आणि खिडकी उघडली. ओळीमागून ओळ सरकू लागली. घर ओ देत होतं! साहेब मागून गेले, तर थबकून म्हणाले, "वा! रजेवरून आल्या आल्या एवढं किचकट काम?"

"जी सर," ती मान न वळवता म्हणाली.

हळूहळू तिला त्या ओळी वाचता यायला लागल्या. निदान तिला तसं वाटायला लागलं. उत्तर झटकन आलं, की ताई गब्दुलशी खेळतायत. उत्तर रेंगाळलं, की ताई मालिका बघतायत. फारच रेंगाळलं, की ताई गब्दुलला मांडीवर घेऊन सगळ्या गोतावळ्याला व्हिडिओ कॉल लावतायत! "माझं बाळ, माझं नेट, आणि मिरवतायत कोण!" ती शेजारणीला ऐकू जाईल इतक्या जोरात पुटपुटली.

तेवढ्यात खिडकीत उमटलं, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट.' म्हणजे हाक मारली, ओ नाही. पुन्हा तेच. पुन्हा तेच!

तिने पालथा फोन सुलटा केला. चित्र काळंठिक्कर!

"ताईंनी नेटच बंद केलं!" तिच्या अंगाचा भडका उडाला. "पहिलं पाऊल एकटीने बघायचं म्हणून!"

बाहेर पळत जाऊन तिने फोन लावला. "ताई, सगळं ठीक ना?"

"अगं, दूध उतू गेलंय, नंतर बोल!" आणि पलीकडे हसण्याचा धबधबा. फोन बंद.

दूध उतू गेल्यावर इतकं कोण हसतं? साहेबांना 'घरचं नेटवर्क कोसळलंय' एवढंच सांगून ती सुटली. साहेबांना ते ऑफिसचंच वाटलं असावं, कारण ते घाबरून म्हणाले, "जा, जा, लगेच जा!"

घरात शिरली तर गब्दुल टेबलापाशी बसून हातातली वायर चोखत होता. टेबलावरच्या नेटच्या डब्याचे दिवे विझलेले.

ताई धावतच आल्या. "आलीस? राहवलं नाही ना? चालला गं तुझा लेक! सोफ्यापासून थेट टेबलापर्यंत! त्या लुकलुकत्या दिव्यांकडे सारखा बघत होता. आज काय कोण जाणे, सकाळपासून दिवे नुसते थांबतच नव्हते!"

तिच्याच हाका! दर हाकेला दिवा लुकलुकत होता.

"तुम्ही... बघितलंत?"

"कुठलं गं!" ताईंचा चेहरा पडला. "दूध बघायला वळले, आणि मागे बघते तर हा इथे, वायर हातात! दूध गेलं ते गेलंच, वर हेही हुकलं. फोनवर मी मुद्दाम सांगितलं नाही, म्हटलं तू कॅमेऱ्यात बघितलंच असशील. नशीबवान बाई! कुठला पाय आधी टाकला गं?"

कॅमेऱ्याने सगळं दाखवलं होतं. ऑफिसच्या टेबलाला, पालथ्या फोनातून.

ताईंच्या डोळ्यांत अस्सल असूया तरळली. इतकी गोड असूया तिने आजवर कुणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती!

"उजवा!" ती ठामपणे म्हणाली.

संध्याकाळभर ताई फोनवर एकेका नातेवाइकाला सांगत होत्या, "उजवा पाय! आईने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं!" आणि प्रत्यक्षदर्शी आई स्वयंपाकघरात करपलेल्या दुधाचं पातेलं नको इतका आवाज करत घासत होती.