कवळी आणि मूक मोर्चा

"म्हणून दाखवा," बायको दारात उभी राहून म्हणाली.

"मोठ्या रस्त्याने जाणार नाही. चालणाऱ्या माणसामागे घंटी वाजवणार नाही," सायकलचं हँडल धरून दातवाले म्हणाले.

"आणि?"

"आणि पुढे जायचं असेल तर 'जरा जाऊ देता का' असं विचारीन."

"मोठ्याने विचारा. परवा तुम्ही ज्याला विचारलंत, त्याला ते घरी पोचल्यावर ऐकू आलं असेल."

दातवाल्यांचा आवाज होताच तसा. त्यांना सगळे दातवाले म्हणत, पण ते दातांचे डॉक्टर नव्हते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवत आणि दातवाले घराच्या मागच्या खोलीत बसून त्या साच्यांवर कवळ्या बनवत. तीस वर्षांत त्यांनी हजारो माणसं हसती केली होती, पण त्यातल्या एकाचाही चेहरा पाहिला नव्हता. पाहिल्या त्या फक्त हिरड्या.

घंटीवरची बंदी सासूबाईंमुळे आली होती. गेल्या वर्षी कालव्याकाठच्या रस्त्याने त्या चालल्या असताना एका सायकलवाल्याने अगदी कानामागे घंटी वाजवली आणि सासूबाई दचकून बाजूच्या कुंपणाच्या झुडपात जाऊन बसल्या. त्यांना बाहेर काढायला दोन माणसं आणि माळ्याची कात्री लागली. त्या दिवसापासून दातवाल्यांच्या सायकलच्या घंटीवर सासूबाईंनी विणलेली लोकरीची टोपी होती.

"आज दहाला सभा आहे ना?" बायको म्हणाली. "जाता जाता डोकवा आणि चार शब्द बोला."

"मी काय बोलणार?"

"तेही खरंच. पण ठराव झाला तर सायकल विकायची, हे आपलं ठरलंय. मोठ्या रस्त्यावरच्या त्या ट्रकांमधून मी तुम्हाला जाऊ देणार नाही."

कालव्याकाठचा रस्ता चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा मिळून एकच होता. तिथल्या सायकली कायमच्या बंद कराव्यात, असा ठराव कालवा-पथ समितीच्या अध्यक्षांनी आणला होता. तो मंजूर झाला की दातवाल्यांच्या नशिबी दोनदा बदलावी लागणारी बस. बसचा अनुभव त्यांनी एकदा घेतला होता. एक बाई त्यांच्या पिशवीवर बसल्या आणि पिशवीतली खालची कवळी मोडली. आपल्याला कोण चावलं, हे त्या बाईंना शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. "निघालात ना? साडेनऊला पेशंट येतायत. दहाला त्यांना कुठेतरी बोलायचंय, आणि जुनी कवळी परवाच फुटलीये. उशीर केलात तर ते मला खातील."

"कशाने?" असं दातवाल्यांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी फक्त "हो, हो" म्हटलं, ओल्या कापसात ठेवलेल्या कवळीची डबी पुढच्या बास्केटमध्ये ठेवली आणि पायडल मारलं.

कालव्याकाठी पहिल्यांदा भेटल्या तीन मैत्रिणी. हातात हात घालून चालल्या होत्या, त्यामुळे रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत भरला होता.

"जरा जाऊ देता का?" दातवाले म्हणाले.

"तर काय, मी म्हटलं तिला, तुझी जाऊ, तुझं तू बघ," मधली म्हणत होती.

दातवाल्यांनी पाच वेळा विचारलं. जावेची हकीकत इतकी रंगली होती, की सहाव्यांदा विचारायचं त्यांच्याच जिवावर आलं. शेवटी जाऊ माहेरी निघून गेली, मैत्रिणी हळहळून थांबल्या आणि तेवढ्यात दातवाले कडेने निसटले. नऊ वाजून सतरा मिनिटं झाली होती.

वळणावर मात्र वेगळाच प्रकार होता. एक म्हातारे गृहस्थ रस्त्याच्या बरोबर मधून चालले होते. तोंडाभोवती मफलर गुंडाळलेला. हातातली काठी त्यांनी टेकवली नव्हती, पाठीमागे आडवी धरून दोन्ही कोपरांत अडकवली होती. काठीचं एक टोक कुंपणाकडे, दुसरं कालव्याकडे. फाटक बंद असावं तसा सगळा रस्ता बंद.

"जरा जाऊ देता का?"

गृहस्थांनी ऐकलं असावं, कारण त्यांचे खांदे हलले. पण ते बोलले नाहीत आणि सरकलेही नाहीत. दातवाले एक पाय जमिनीवर टेकत त्यांच्या मागे हळूहळू जाऊ लागले. दिलेला शब्द मोडायचा नव्हता.

दोन मिनिटांनी मागून एक प्लंबर आला. त्याच्या सायकलला दहा फुटी पाइप बांधलेला होता. पुढचा माणूस घंटी वाजवत नाही म्हणजे त्याला काही कारण असणार, असं समजून तोही हळू झाला. त्याच्यामागे शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या.

"काय चाललंय पुढे?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही बुवा. सगळे गप्प आहेत म्हणून मीपण गप्प आहे."

"अच्छा. आज ती सायकलींची सभा आहे, म्हणजे हा मूक मोर्चा असणार." बाईंनी लगेच चेहरा गंभीर केला. "आधी कळवायला हवं होतं. मी सुटी टाकली असती."

यानंतर जो कोणी आला, त्याला बाईंनी ओठांवर बोट ठेवून मोर्चात घेतलं. पाव मिनिटाला एक या दराने माणसं वाढली. वळणं संपेपर्यंत दातवाल्यांच्या मागे एकोणीस सायकली आणि चुकून आलेली एक बाबागाडी, असा जथा झाला होता. दातवाल्यांना याचा पत्ताच नव्हता. त्यांची नजर घड्याळावर होती. नऊ चौतीस.

पुढच्या गृहस्थांना मात्र पाठीमागून चाकांची टकटक ऐकू येत होती. आधी एका सायकलची, मग अनेक सायकलींची. ते थांबले की टकटक थांबे. ते भरभर चालू लागले की टकटकही भरभर होई. त्यांनी हळूच मान वळवली आणि पाहिलं तर वीसेक माणसं, सगळी गंभीर, सगळी गप्प, आणि एकाकडे लोखंडी पाइप. गृहस्थांच्या तोंडचं पाणी पळालं. ते जवळच्या बाकापाशी गेले, काठी पुढे रोखून उभे राहिले आणि त्यांनी मफलर खाली ओढला.

"फगळे मागे फरका," ते गरजले. "मला घेराव घालता? मी घाबरत नफतो."

मोर्चाने एकमेकांकडे पाहिलं. "कोणती भाषा म्हणायची ही?" प्लंबरने विचारलं.

दातवाले मात्र त्या उघड्या तोंडाकडे एकटक बघत होते. वरच्या हिरडीला डावीकडे छोटासा उंचवटा. खालची हिरडी उजवीकडे अंमळ बसकी. गेले अकरा दिवस हेच तोंड प्लास्टरमध्ये त्यांच्या टेबलावर होतं. सकाळी उठल्यावर आणि झोपण्याआधी त्यांनी ते पाहिलं होतं. डोळे भरून यावेत इतकी ती हिरडी ओळखीची होती.

सायकल स्टँडवर लावून ते पुढे झाले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तुमचे दात माझ्याकडे आहेत."

गृहस्थ मटकन बाकावर बसले.

"धमकी देतोय," बाबागाडीवाली आई बाळाचे कान झाकत म्हणाली.

मग डबी उघडली गेली, डॉक्टरांना फोन लागला आणि उलगडा झाला. पेशंट दवाखान्याकडेच निघाले होते आणि बिनदातांचं बोलायला लाजत असल्यामुळे रस्ताभर गप्प होते. "आता इथे यायला वेळ कुठे आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यांची हरकत नसेल तर तुम्हीच बसवून बघा. टोचलं तर संध्याकाळी मी पाहीन." हरकत नव्हती. दातवाल्यांनी बाटलीतल्या पाण्याने हात धुतले आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच स्वतःची कवळी जिवंत माणसाच्या तोंडात बसवली.

गृहस्थांनी ओठ मिटले, उघडले, जीभ फिरवली. गालांना आकार आला. वीस वर्षांनी तरुण होऊन ते म्हणाले, "शाब्बास. आता बघा. मी समितीचा अध्यक्ष आहे. या रस्त्यावरच्या सायकली आज सरसकट बंद करतो."

मोर्चाचं अवसान गळालं. दातवाल्यांनी खिशातला, दात उंच असेल तिथे डाग सोडणारा निळा कागद पुढे केला. "जरा चावा. आणखी एकदा. उजवीकडे खाली अंमळ उंच आहे. पाच मिनिटं काढून द्या."

अध्यक्षांनी विश्वासाने कवळी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि मफलर वर घेतला.

"ठेवा खिशात," प्लंबर दातवाल्यांच्या कानाशी म्हणाला. "बसा सायकलवर आणि सुटा."

"समजा, घासताना हातातून सुटली," गणिताच्या बाई कालव्याकडे बघत म्हणाल्या. "कालवा चार पावलांवर. शक्यता नाकारता येत नाही."

दातवाल्यांच्या हातात कानस होती. दोन फटके जास्त मारले असते तरी पुरलं असतं. कवळी बोलताना सटकली असती आणि ठराव तोंडातच राहिला असता. त्यांना सायकल दिसली, बस दिसली, पिशवीवर बसणाऱ्या बाई दिसल्या. पण कुणाचं तोंड बंद करायला म्हणून त्यांनी आजवर एकही दात बनवला नव्हता. देवाने हातात कला दिली ती काही यासाठी नव्हे. त्यांनी निळा डाग तेवढाच घासला, बोटाने चाचपला, पुन्हा अर्ध्या केसाइतका घासला, धुतला आणि कवळी परत केली.

"म्हणा, सहासष्ट, सदुसष्ट."

"सहासष्ट, सदुसष्ट," अध्यक्ष म्हणाले. त्यांना ते आवडलं. "सहासष्ट सायकली, सदुसष्ट सायकली, सगळ्या बंद. किती वाजले?"

"नऊ त्रेपन्न."

सभा आल्या वाटेनेच मागे, वाचनालयाच्या हॉलमध्ये होती आणि चालत गेलं तर वीस मिनिटं लागणार होती. अध्यक्षांनी थोडा वेळ आकाशाकडे पाहिलं. मग दातवाल्यांच्या कॅरियरकडे पाहिलं. मग कुणाकडेच न पाहता ते कॅरियरवर बसले.

शंभर पावलांवर त्या तीन मैत्रिणी घरी परतताना पुन्हा भेटल्या. जावेचा आता नवरा सुरू होता.

"घंटी वाजवा," अध्यक्ष म्हणाले.

"नाही वाजवत साहेब. घरी शब्द दिलाय."

"अहो, सभेला उशीर होतोय."

"जरा जाऊ देता का?" दातवाल्यांनी मैत्रिणींना विचारलं.

"असं विचारतात होय," अध्यक्ष वैतागले आणि मागून कडाडले, "सरका, सरका. सायकल येतेय, सरका."

प्रत्येक 'स' शिट्टीसारखा स्वच्छ निघाला. मैत्रिणी कडेला चिकटल्या. अध्यक्षांना इतका आनंद झाला, की पुढे रस्ता मोकळा असतानाही ते वाचनालयापर्यंत सरका, सरका म्हणत राहिले. मागून एकोणीस सायकली येत होत्या. बाबागाडीही होती.

हॉलमध्ये समितीचे सहा सदस्य बसले होते. मोर्चा मागच्या बाकांवर बसला. चिटणीस बाईंनी हलक्या आवाजात सगळ्यांना धीर दिला. "फार वेळ लागायचा नाही. अध्यक्षांची जुनी कवळी हलते, म्हणून ते दोन वर्षं फक्त 'मंजूर' नाहीतर 'नामंजूर' म्हणतात. पंधरा मिनिटांत सभा संपते. आम्ही कधी विरोध करत नाही, कशाला उगाच."

दातवाल्यांनी डोळे मिटले.

"सन्माननीय सदस्यहो, सुज्ञ श्रोतेहो," अध्यक्षांनी सुरुवात केली.

चिटणीस बाईंचं पेन थबकलं. दोन वर्षांत जे शब्द अध्यक्षांना दुरूनच पाहावे लागले होते, ते आता त्यांनी एकेक करून जवळ बोलावले. सुसंस्कृत, सुरक्षित, संशयास्पद, सहिष्णुता. चाकाचा शोध कसा लागला, इथून ते निघाले. अर्ध्या तासाने चाकाला आरे बसले. पाऊण तासाने ते 'पादचारी कोणास म्हणावे' या प्रश्नापाशी पोचले आणि तिथे रमले. चहा आला, गार झाला, परत गेला. उपाध्यक्षांनी तीनदा घड्याळ कानाला लावून पाहिलं. कवळी जराही हलली नाही.

बारा वाजता अध्यक्ष म्हणाले, "आता ठराव मताला टाकतो. तो मंजूर झाला, की त्याच्या बावीस पोटकलमांचं मी सविस्तर, सोदाहरण स्पष्टीकरण करीन."

सहाही सदस्य खुर्चीत सावरून बसले.

"ठरावाच्या बाजूने?"

एक हात वर गेला. तो अध्यक्षांचा होता.

"विरुद्ध?"

सहा हात असे वर गेले, की खुर्च्या मागे सरकल्या. प्लंबरला मत नव्हतं, तरी त्याने दोन्ही हात वर केले. एक वर्षाच्या बाळाचा हात त्याच्या आईने धरून वर केला.

हॉल पाहता पाहता रिकामा झाला. सायकली बाहेर पडल्याचा आवाज आला. दातवाले तेवढे थांबले होते, कारण नवी कवळी पहिल्या दिवशी हिरडीला लागली तर नाही ना, हे विचारायचं राहिलं होतं. अध्यक्ष कागद आवरत होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"खरं सांगा," ते म्हणाले. "माझं बोलणं स्पष्ट होतं?"

"अगदी. शेवटच्या बाकापर्यंत एकूण एक अक्षर ऐकू आलं."

"मग असं का झालं?"

दातवाल्यांनी डबीचं झाकण लावलं. खोटं त्यांना बोलता येत नसे. "ऐकू आलं, साहेब," ते पुन्हा म्हणाले.

अध्यक्षांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या. "म्हणजे उच्चारात दोष नव्हता. मुद्दे कमी पडले. बरोबर?" त्यांनी कागद पिशवीत घातले. "काही हरकत नाही. पुढच्या महिन्यात ठराव पुन्हा मांडतो. या वेळी आणखी सविस्तर बोलतो."

"जरूर बोला," दातवाले म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चांगला मोठा निघाला. "आणि कुठे जरासं जरी टोचलं ना, तरी लगेच कळवा, साहेब. मी धावत येऊन नीट करून देईन. तुमच्या बोलण्यात खंड पडता कामा नये."