आमच्या ऑफिसची बाहेरची खोली

ऑफिसच्या नेटवर्कला फायरवॉल बसवायची ठरली, तेव्हा साहेब इंजिनिअरला फोन लावत होते. "त्यात काय, मी करतो," असं मी म्हणालो. (हे वाक्य मी लग्नानंतर अनेकदा उच्चारलं आहे. घरातला नळ, मिक्सर आणि मेहुणीचा मोबाइल याला साक्ष आहेत.)

आमचं ऑफिस इमारतींचे आराखडे काढणाऱ्यांचं. माणसं सहा, संगणक सात. सातव्या संगणकावरून गिऱ्हाइकांनी बाहेरून आपापले आराखडे डाउनलोड करायचे, पण बाकीच्या सहांकडे कुणी फिरकता कामा नये, एवढीच साहेबांची अपेक्षा. मंगळवारी अकरा वाजता एक बडी कंपनी आराखडे बघणार होती. ते काम मिळालं तर ऑफिस तरणार, नाहीतर आम्ही सगळेच घरी.

रविवारी मी बायकोला समजावून सांगितलं, की अशा वेळी मधे एक पट्टा राखून ठेवतात. बाहेरच्यांना तिथपर्यंत मोकळीक, त्यापुढे फायरवॉल.

"म्हणजे पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत बसवायचं आणि आतलं दार लावून घ्यायचं," ती म्हणाली. "मग तिथला पसारा आधी आवर."

तिला नेटवर्कमधलं काही कळत नाही, म्हणून मी विषय सोडून दिला.

सोमवारी सातवा संगणक त्या मधल्या पट्ट्यात ठेवून नियम लिहिले. बाहेरून मधे यायला सगळ्यांना परवानगी, मधून आत जायला कुणालाच नाही. खात्री करून घ्यायला मी माझाच संगणक त्या पट्ट्यात जोडून पाहिला. आतला एकही संगणक दिसेना, तेव्हा मला अगदी भरून आलं. त्या भरात माझी वायर परत आत लावायची राहिली.

मंगळवारी साडेअकराला कंपनीचा फोन आला. साहेब बराच वेळ नुसतं 'हो, हो' म्हणत होते आणि माझ्याकडे बघत होते. मी शर्ट नीट केला.

मग त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आराखडे पसंत पडले होते, काम आम्हाला मिळालं होतं. फक्त आराखड्यांच्या शेजारी कंपनीला माझाही संगणक सताड उघडा दिसला होता, आणि त्यात त्याच कंपनीला लिहिलेला माझा नोकरीचा अर्ज. (तीन महिने तो पाठवायचं धाडस होत नव्हतं. ती अडचण आता सुटली होती.)

आता मला काढणार का, असं मी टेबलाकडे बघत विचारलं.

"छे," साहेब म्हणाले. "मी त्यांना म्हटलं, माणूस खुशाल घेऊन जा."

"मग?"

"अर्जात तुम्ही 'नेटवर्क सुरक्षेचा दांडगा अनुभव' असं लिहिलंय. आणि अर्ज हाती कसा लागला ते त्यांना माहीत आहे. तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाले."