फार महत्त्वाचं पाकीट

तिसरीच्या बाईंनी वावटळीसाठी एक युक्ती काढली होती. वावटळ म्हणजे आठ वर्षांची मुलगी. बसली तर बाक हलणार, उठली तर वर्ग. ती उसळायला लागली की बाई गंभीर चेहऱ्याने तिच्या हाती बंद पाकीट ठेवत. "फार महत्त्वाचं आहे हं. मोठ्या बाईंच्याच हातात दे."

आत कोरा कागद. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, कटात सामील. त्या "पोचलं म्हणून सांग" म्हणत आणि पाकीट तसंच परत पाठवत. तीन जिने चढून उतरेपर्यंत पोरीचा जोर ओसरलेला असे.

काल मात्र तिने हजेरीपटावर डिंक ओतला. बाईंनी रागाच्या भरात राजीनामा लिहिला, पाकिटात घालून चिकटवला आणि पर्समध्ये टाकला. पण राग म्हणजे उतू जाणारं दूध. आच काढली की मुकाट खाली बसतं. आज सकाळी देवापुढे हात जोडले तेव्हाच तो बसला होता. सतरा वर्षांची नोकरी, तीही जिवापाड आवडीची! राजीनामा संध्याकाळी फाडू, असं घाईत ठरवून बाई शाळेत आल्या.

दुसऱ्या तासाला वावटळ खिडकीच्या गजांवर चढली. बाईंनी पर्समधून पाकीट काढून दिलं, ती धावत गेली. जरा वेळाने रुमाल शोधताना बाईंच्या हाताला दुसरं पाकीट लागलं. फोडून पाहतात तो काय, कोरा कागद!

म्हणजे राजीनामाच वर निघाला होता! वर्ग एकटा सोडायची सोय नव्हती.

"उठा सगळे. रांग करा."

एकतीस पोरं घेऊन बाई जिना चढू लागल्या. वाटेत चौथीचे मास्तर भेटले.

"सहल का, बाई?"

"हो."

"धावत?"

"वेळ कमी आहे."

दुसऱ्या मजल्यावर वावटळ समोरून उतरत आली. हातात पाकीट.

"पोचलं म्हणाल्या."

"उघडलं का गं त्यांनी?"

"छे. त्या कधी उघडतात?"

बाईंनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. डिंक जसाच्या तसा. त्या तिथेच पायरीवर बसल्या, देवाचं नाव घेतलं आणि पाकिटाचे चार तुकडे केले.

"महत्त्वाचं होतं ना?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"कसलं महत्त्वाचं," वावटळ म्हणाली, "आत काही नसतंच. मी पहिल्याच दिवशी उजेडात धरून बघितलंय."

बाई बघतच राहिल्या. "मग गं बये, रोज तीन जिने कशाला चढतेस?"

वावटळ जवळ सरकली, आवाज बारीक केला. "तुमच्यासाठी. तुमचे कान लाल झाले की मला कळतं, बाईंना आता जरा शांत बसायला हवं. मग मी जाते."

बाई हसू लागल्या, ते डोळे पुसावे लागले तेव्हा थांबल्या. तोवर मागे रांगेत ढकलाढकली सुरू झाली होती.

"बाई, कान," वावटळ म्हणाली. "जाऊ का?"

"जा," बाईंनी कोरा कागद तिच्या हाती दिला. "आणि सावकाश ये."