चौथ्या प्रश्नाचे मान्य उत्तर

प्रथम वर्षाच्या एकोणसत्तर वह्यांपैकी अडुसष्ट वह्यांत चौथ्या प्रश्नाचे उत्तर एकाच जागी थांबते : ‘अशा वेळी अभियंत्याने’. पुढे कोरी जागा आणि खाली शिक्षकांची सही.

नीतिमत्ता ही एकट्याने आचरायची गोष्ट नाही. ती पिढ्यांकडून पिढ्यांकडे जाते. सोलापुरातल्या आमच्या महाविद्यालयात ती शहाजीच्या वहीतून जाते. सहा वर्षांपूर्वी शहाजीने ‘व्यावसायिक नीतिमत्ता’ या विषयाची वही लिहिली (कुणाची पाहून, याची नोंद नाही). तिचे एक पान हॉस्टेलच्या गळतीत भिजून गेले. उरलेली वही तेव्हापासून दरवर्षी उतरवली जाते, तपासली जाते आणि प्रमाणित होते. यंदाची उद्दिष्टपूर्ती ९८.५५ टक्के आहे.

उरलेले १.४५ टक्के म्हणजे अक्कलकोटची भुवनेश्वरी. प्रश्न असा होता : वरिष्ठाने खोट्या चाचणी-अहवालावर सही मागितली तर काय करावे? तिने वाक्य पुरे केले : ‘सही करू नये.’

“कुणाचं बघून लिहिलंस?” विभागप्रमुख शिवराज सरांनी विचारले.

“कुणाचं न्हाय सर. वाक्य अर्धं होतं की.”

सरांनी कपाळाला हात लावला. “उत्तर चूक आहे असं मी म्हणतच नाही. पण ते कुणाच्यातच नाही!”

अडचण खरी होती. तिचे उत्तर पूर्ण मानले, तर बाकीची अपूर्ण ठरतात. ती अपूर्ण ठरली, तर सहा वर्षांतली सुमारे चारशे प्रमाणपत्रेही ठरतात, आणि त्यांतले पास होऊन गेलेले विद्यार्थी आता ठिकठिकाणी चाचणी-अहवालांवर सह्या करतात. उलट तिची वही नामंजूर केली, तर फक्त एका मुलीचे वर्ष जाते. गणित सोपे होते. तरीही महाविद्यालयाने तीन जणांची समिती नेमली. दोघांनी पहिल्याच दिवशी ‘वही इतरांप्रमाणे करून घ्यावी’ असा शेरा मारून सही केली. तिसरी मी. मी पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे अभ्यासासाठी बावीस दिवस घेतले.

दरम्यान पालकसभा झाली. सरांनी नाव न घेता प्रसंग सांगितला. टाळ्या अठरा सेकंद चालल्या. “अशी पोरं पायजेत!” वैरागचे एक पालक उभे राहून म्हणाले. मग सरांनी सांगितले, की तिचे उत्तर मान्य केल्यास बाकी सर्वांना वही पुन्हा लिहावी लागेल, आणि ती स्वतःची स्वतः.



“आमच्या दिग्विजयच्या वहीवर सही झालीया न्हवं?” तेच पालक म्हणाले. “मग त्या एकीलाच दुरुस्त करायला सांगा की. एवढ्यासाठी सगळ्यांना कशाला तरास?”

मतदान हात वर करून झाले. एकशे बारा विरुद्ध शून्य. सर्वांत शेवटी वर गेलेला हात बसप्पांचा, म्हणजे भुवनेश्वरीच्या वडिलांचा होता. बाहेर व्हरांड्यात ते मला म्हणाले, “मॅडम, पोरगी लई सरळ हाय. आमचं न्हाय ऐकत. तुमी सांगितलं तर ऐकंल.”

तेविसाव्या दिवशी वही माझ्या टेबलावर होती. समोर भुवनेश्वरी पेन घेऊन उभी. “मॅडम, तुमीच सांगा,” ती म्हणाली, “तुमी सांगाल ते करते.” शिवराज सर घड्याळ पाहत होते.

वाचकहो, आतापर्यंत तुम्ही तिच्याच बाजूने आहात, हे मी जाणते. टाळ्याही तुमच्याच होत्या. पण त्यानंतर वर गेलेल्या हातांत तुमचे किती होते हेही मी मोजले आहे, तेव्हा माझ्याकडून तुमची वेगळी अपेक्षा नसावी.

“ते तीन शब्द खोड, भुवनेश्वरी,” मी म्हणाले.